करंजाचे तेल आणि दिल्लीचा हिशेब

म्हैसूर जिल्ह्यातल्या तिरुमकूडलु नरसीपूर तालुक्यात, कावेरीच्या काठी सोसले नावाचे गाव आहे. मराठी माणसाच्या कानावरून हे नाव गेलेच असेल तर ते माध्व संप्रदायातल्या व्यासराज मठामुळे. पुरंदरदासांचे गुरू व्यासतीर्थ यांची ही परंपरा. राजधानीतल्या ऊर्जाधोरणाशी अशा गावाचा काही संबंध असावा, असे सकृद्दर्शनी वाटणार नाही. पण या पट्ट्यात बांधावर, कालव्याच्या कडेला आणि रस्त्याच्या दुतर्फा जे झाड सर्रास दिसते, त्याच्या बियांवर गेली दोन दशके दिल्लीत टिपणे लिहिली गेली आहेत, समित्या बसल्या आहेत आणि उद्दिष्टे ठरून पुसली गेली आहेत. कन्नडमध्ये या झाडाला होंगे म्हणतात. तोच आपला करंज. तिकडे त्याचा पाला भातखाचरात हिरवळीचे खत म्हणून तुडवतात आणि तेल एके काळी दिव्याला वापरत; आपल्याकडे करंजेल खरूज-नायट्यावर लावायचे औषध म्हणून जुन्या घरांतून ठेवलेले असे. हे तेल आगगाडीच्या इंजिनात घालता येईल, ही कल्पना मात्र नव्या शतकातली.

दिल्लीकरांना आठवत असेल, ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस ५ टक्के बायोडिझेल मिसळलेल्या इंधनावर चालवून दाखवण्यात आली. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे १ जानेवारी २००३ पासून, नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचा निर्णय अमलात यायचा होता. पेट्रोलियम मंत्री होते राम नाईक. थोडक्यात, दोन्ही जैवइंधनांची शर्यत जवळजवळ एकाच रेषेवरून सुरू झाली. आज इथेनॉल २० टक्क्यांचा टप्पा गाठून बसले आहे. आणि डिझेलमधले बायोडिझेलचे प्रमाण एक टक्क्याच्याही पलीकडे गेलेले नाही. एकाच सरकारी यंत्रणेने, त्याच तेल कंपन्यांमार्फत, त्याच काळात राबवलेल्या दोन कार्यक्रमांच्या नशिबात एवढी तफावत का पडावी, हा प्रश्न रसायनशास्त्राचा कमी आणि राजकारणाचा अधिक आहे.

रसायनशास्त्र तसे सोपे आहे. वनस्पती तेल जाड असते. करंजाचे तेल डिझेलच्या दहापटीच्या आसपास. ते तसेच आधुनिक इंजिनात घातले तर तेल फवारणारी यंत्रणा चिकटून बसते. म्हणून तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा किंवा पोटॅश घालून ते तापवतात. तळाशी ग्लिसरीन बसते, वर पातळ बायोडिझेल राहते. शंभर किलो तेलातून साधारण तेवढेच बायोडिझेल आणि दहाएक किलो ग्लिसरीन मिळते. तेल जुने, कडवट झालेले किंवा वारंवार तळलेले असेल तर त्यातल्या आम्लांमुळे मध्येच साबण तयार होतो. तेव्हा आधी आम्लाची प्रक्रिया करून घ्यावी लागते आणि खर्च वाढतो. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही. शिवाय देशात लागणारे मिथेनॉलही बव्हंशी आयातच केलेले. स्वावलंबनाच्या भाषणांत हा तपशील सहसा येत नाही.

जाता जाता एका गैरसमजाविषयी. १० ऑगस्ट हा जागतिक जैवइंधन दिन दरवर्षी विज्ञान भवनात किंवा तत्सम ठिकाणी साजरा होतो आणि १८९३ साली याच दिवशी रुडॉल्फ डिझेल यांनी शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चालवले, असे प्रास्ताविकात सांगितले जाते. त्या दिवशी जर्मनीतल्या ऑग्सबर्ग येथे त्यांचे इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या बळावर फिरले, हे खरे. शेंगदाणा तेलाचा प्रयोग मात्र १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातला, आणि तो पुढे खुद्द डिझेल यांनीच नमूद केलेला आहे.

भारतात खाद्यतेल इंजिनात ओतणे परवडणारे नाही, याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. स्वयंपाकघरातल्या तेलाच्या निम्म्याहून अधिक गरजेसाठी देश आयातीवर अवलंबून आहे. म्हणून शोध सुरू झाला अखाद्य तेलबियांचा. नियोजन आयोगाने जुलै २००२ मध्ये नेमलेल्या समितीने एप्रिल २००३ मध्ये अहवाल दिला आणि तिने बोट ठेवले ते जट्रोफावर, म्हणजे आपल्या मोगली एरंडावर. गुरे त्याला तोंड लावत नाहीत, पाणी फारसे लागत नाही, पडीक जमिनीवर येतो, अशी त्याची ख्याती. अहवालाने मांडलेले गणित भव्य होते: २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रण, त्यासाठी सुमारे १.१२ कोटी हेक्टर लागवड, आणि पहिल्या टप्प्यात ४ लाख हेक्टर. बियांचा दर धरला होता किलोला ५ रुपये.

या गणिताला राजकीय वर्गाने डोक्यावर घेतले. सत्ताबदल झाला तरी उत्साहात फरक पडला नाही. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी जून २००६ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रपती निलयममध्ये जट्रोफावर परिषद घेतली. छत्तीसगडच्या सरकारने तर खाडीचे तेल नको, बाडीचे तेल हवे, अशा अर्थाची घोषणाच दिली. धोरण २००८ मध्ये आकाराला आले, तेव्हा अपारंपरिक ऊर्जा खाते नागपूरच्या विलास मुत्तेमवारांकडे होते, मंत्रिगटाचे अध्यक्ष शरद पवार होते आणि पेट्रोलियम खाते मुरली देवरांकडे. ११ सप्टेंबर २००८ रोजी मंत्रिमंडळाने धोरण मंजूर केले; २०१७ पर्यंत २० टक्के हे नवे उद्दिष्ट ठरले. राम नाईकांपासून पाहिले तर या कहाणीच्या बहुतेक प्रत्येक वळणावर एक तरी मराठी मंत्री उभा दिसतो. असे असताना महाराष्ट्रानेच आधी घेतलेला एक अनुभव या फायलीत कोणाला ठळकपणे नोंदवावासा वाटला नाही, ही बाब जरा चमत्कारिकच म्हणायची.

तो अनुभव नाशिकचा. वनाधिपती म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले विनायकदादा पाटील यांनी १९८६ पासून मोगली एरंडाच्या लागवडीचा ध्यास घेतला होता. निफाडचे आमदार आणि राज्यमंत्री राहिलेला हा माणूस वृक्षशेतीच्या बाबतीत बोलका नव्हे, तर करता होता. नीलगिरी उत्पादकांची सहकारी संस्था त्यांनी उभी केली होती. त्यांच्या प्रयत्नांनी मोगली एरंडाची लागवड राज्यात हजारो हेक्टरांपर्यंत पसरली. परंतु हाती आलेले बी अपेक्षेच्या फार खाली राहिले, घेणारा ठाम भावाने उभा राहिला नाही आणि १९९० च्या दशकातच अनेक शेतकऱ्यांनी झाडे काढून टाकली. प्रयोग प्रामाणिक होता, म्हणूनच त्याचा निष्कर्ष मोलाचा होता: पडीक जमिनीवर जट्रोफा जगतो, पण फळत नाही, फळावा असे वाटत असेल तर त्यालाही पाणी आणि खत लागते, आणि पाणी-खत द्यायचेच तर शेतकरी दुसरे काही लावील. हाच धडा दिल्लीने पुढे दहा वर्षे आणि कित्येक लाख रोपे खर्ची घालून पुन्हा गिरवला.

पडीक जमीन हा शब्दही तपासून घेतला पाहिजे. महसुली दप्तरात जे पडीक, ते गावाच्या व्यवहारात बऱ्याचदा गायरान असते. तिथे शेळ्या चरतात, सरपण मिळते, भूमिहीनांची जनावरे जगतात. गुरे तोंड लावत नाहीत हा जट्रोफाचा गुण मंत्रालयाच्या टिपणात जमेच्या बाजूला होता. गुराख्याच्या दृष्टीने तोच खर्चाच्या बाजूला जातो.

या पार्श्वभूमीवर कर्नाटकाची वाट वेगळी होती. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले उडुपी श्रीनिवास यांनी करंजाच्या तेलावर डिझेल जनित्रे चालवण्याचे काम दिल्लीला जाग येण्यापूर्वीच सुरू केले होते. संथ चालणाऱ्या जनित्राला आणि पंपाला शुद्ध बायोडिझेलची गरज नाही, गाळलेले करंजेलही चालते, हा त्यांचा मुद्दा होता. तो मान्य केला तर मिथेनॉल, त्याचे परवाने आणि कारखाना हे सारेच बाजूला पडते; गावात घाणा असला की पुरे. कग्गनहळ्ळीत या तेलावर पाणी उपसले गेले. पुढे हासनजवळच्या मादेनूर येथे बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने २००७ मध्ये जैवइंधन उद्यान उभारले. प्रा. बालकृष्ण गौडा यांच्या नेतृत्वाखालच्या या प्रकल्पाची मांडणी साधी होती. एकाच झाडाचे मळे नकोत. शेताच्या बांधावर करंज, कडुनिंब, मोह, लक्ष्मीतरू अशी मिश्र झाडे लावा, म्हणजे एकाचे बी संपले की दुसऱ्याचे येईल आणि पिकाची एक गुंठाही जागा जाणार नाही. राज्य सरकारने २००९ मध्ये जाहीर केलेल्या जैवइंधन धोरणाने हाच विचार उचलला. लागवडीच्या योजनांना ‘बरडु बंगार’, म्हणजे माळरानाचे सोने, अशी नावे मिळाली.

सोसल्यासारख्या कावेरीकाठच्या गावाचा प्रश्न येतो तो या टप्प्यावर. करंज तिथे लावावा लागत नाही, आहेच. त्याच्या नायट्रोजनयुक्त पेंडीचे खत होते. बी गोळा करायचे, घाण्यावर घालायचे, तेलावर पंप चालवायचा, पेंड शेतात टाकायची, असे वर्तुळ कागदावर तरी पूर्ण होते. पण घोडे पेंड खाते ते हिशेबाशी.

घाण्यावर एक किलो तेल काढायला करंजाचे सुमारे चार किलो बी लागते. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने गौण वनोपजांसाठी जी किमान आधारभूत किंमत ठरवली, तीत २०२० मध्ये करंजबीचा दर किलोला २२ रुपये होता. म्हणजे एक किलो तेलाचे नुसते बीच ८८ रुपयांचे. वेचणे, वाळवणे, शेंगा फोडणे यांची मजुरी त्या दरात आली असे समजू. पण वाहतूक, घाणा आणि कारखाना अजून बाहेरच आहेत. पेंड विकून काही परत येते, तेही धरू. आता दुसऱ्या मंत्रालयाकडे वळू. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये बायोडिझेल खरेदी धोरण जाहीर केले तेव्हा लिटरला दर ठेवला २५ रुपये. १२ राज्यांत २० खरेदी केंद्रे नेमली गेली आणि त्या केंद्रांवर जवळपास काहीच आले नाही. येणार तरी कुठून? ५ रुपये किलोचे बी धरूनच तो दर कसाबसा बसत होता, आणि तेवढ्यात वेचणारणीची मजुरी काढली तर झाडाच्या मालकासाठी फारसे काही उरत नव्हते. पुढे २०१९ मध्ये वापरलेल्या खाद्यतेलापासूनच्या बायोडिझेलला पहिल्या वर्षी ५१ रुपये, दुसऱ्या वर्षी ५२.७० आणि तिसऱ्या वर्षी ५४.५० रुपये लिटर असा दर जाहीर झाला. तो करंजासाठी नव्हता, हे खरे. पण सरकारी मापाने बायोडिझेलचे मोल काय, याची कल्पना त्यावरून येते. एक मंत्रालय आदिवासी बाईला बियांचा रास्त दर मिळावा म्हणून किंमत बांधते, दुसरे त्याच बियांतून होणाऱ्या इंधनाची किंमत त्याखाली ठेवते. दोन्ही निर्णय आपापल्या जागी समर्थनीय आहेत. फक्त ते एका टेबलावर कधी समोरासमोर आलेले नाहीत.

इथेनॉलचे तसे झाले नाही. उसाला आधी किमान वैधानिक किंमत होती, मग रास्त आणि किफायतशीर किंमत आली. त्या किमतीला धरून इथेनॉलचे खरेदी दर आर्थिक व्यवहारविषयक मंत्रिमंडळ समितीपुढे जातात. ऊस वेळेवर तोडला नाही की मोर्चे निघतात, थकबाकीचा आकडा लोकसभेत विचारला जातो आणि कारखान्याचा अध्यक्ष बहुधा एखाद्या आमदार-खासदाराच्या नात्यातला नाही तर पक्षातला असतो. सहकारी साखर कारखानदारीने इथेनॉलला केवळ कच्चा माल दिला नाही, तर तोंड दिले. करंजाला असे तोंड नाही. बी वेचणारी बाई सभासद नाही, कर्जदार नाही आणि मतदार म्हणूनही विखुरलेली. तिच्या वतीने शून्य प्रहरात कोणी उभे राहिल्याचे ऐकिवात नाही. साखरेच्या पट्ट्यातल्या अनेक नेत्यांनी जैवइंधनावर पोटतिडकीने भाषणे केली; पण त्यांच्या जैवइंधनाचा अर्थ नेहमी ऊसच राहिला. यात अनैतिक काही नाही. लोकशाहीत जो संघटित असतो त्याचे गाऱ्हाणे आधी ऐकले जाते.

या तफावतीची एक छोटी, पण बोलकी खूण अर्थसंकल्पात सापडते. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात मिश्रण न केलेल्या इंधनावर लिटरला २ रुपये जादा उत्पादन शुल्क लावण्याची घोषणा झाली. १ ऑक्टोबर २०२२ ही तारीख ठरली होती. पेट्रोलच्या बाबतीत ती एका महिन्याने पुढे गेली, डिझेलच्या बाबतीत सहा महिन्यांनी. मिसळायला बायोडिझेलच नसताना न मिसळल्याबद्दल दंड कोणाला करायचा, ही अडचण अर्थ खात्याला उशिरा का होईना उमगली.

दरम्यान सरकारचे लक्ष बियांवरून कढईकडे वळले होते. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांना २५ टक्क्यांची मर्यादा घातली. त्यापुढे ते तेल खाण्यास अयोग्य. १० ऑगस्ट २०१८ रोजी असे तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या वर्षी दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्या उपाहारगृहांना त्याची नोंद ठेवणे बंधनकारक झाले. तेल कंपन्यांनी १०० शहरांसाठी स्वारस्य पत्रे मागवली. वापरलेल्या तेलाच्या बायोडिझेलचा या योजनेतला पहिला पुरवठा ४ मे २०२१ रोजी दिल्लीतल्याच टिकरी कलान इथल्या इंडियन ऑइलच्या आगारातून निघाला.

कल्पना उत्तम, यात शंका नाही. शेतजमीन नको, झाड नको, पाऊस नको. जे फेकायचे तेच वापरायचे. प्रश्न असा, की भारतात ते फेकले जाते का? मोठ्या हॉटेलातून निघालेले काळे तेल धाब्यावर, तिथून भज्यांच्या गाडीवर असा त्याचा उतरता प्रवास ठरलेला आहे. गाडीवाला ते नव्या तेलापेक्षा स्वस्त म्हणून घेतो, पण बायोडिझेलवाल्यापेक्षा चार पैसे जास्त देऊ शकतो, कारण त्याच्या लेखी ते अजून तेल आहे, कचरा नव्हे. म्हणजे या तेलाच्या भावाची स्पर्धा डिझेलशी नाही, तर रोजंदारीवरच्या माणसाच्या नाश्त्याशी आहे. कामासाठी दिल्लीत आलेल्या ज्या मजुराचे दुपारचे जेवण दहा-वीस रुपयांच्या भटुऱ्यावर किंवा वड्यावर निभते, त्याच्या रक्तवाहिन्यांत हे अनुदान जमा होते. आरोग्य खात्याच्या दृष्टीने तेल गोळा करण्याचे खरे समर्थन हे आहे. इंधन हा जोडलाभ. त्यात युरोपची भर पडली. युरोपीय संघाच्या नियमांनुसार टाकाऊ तेलापासूनचे इंधन अक्षय ऊर्जेच्या उद्दिष्टात दुप्पट मोजता येते. साहजिकच तिकडचा खरेदीदार भाव चढा देतो आणि जे तेल प्रामाणिकपणे गोळा होते त्यालाही बंदराची वाट खुणावते.

आकड्यांकडेही एकदा सरळ पाहायला हवे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा तेलाचा अंदाज दिला होता वर्षाला २२० कोटी लिटर. पेट्रोलियम मंत्रालयाने २०१९ मध्ये सांगितले १४० कोटी लिटर, आणि त्यापासून ११० कोटी लिटर बायोडिझेल. कोणता आकडा धरायचा हे वाचणाऱ्याने ठरवावे. दुसरा धरला तर काय दिसते? देशात २०२३-२४ मध्ये डिझेल खपले सुमारे ९ कोटी टन. २०१८ च्या धोरणाने उद्दिष्ट २० टक्क्यांवरून गुपचूप ५ टक्क्यांवर आणले, मुदत ठेवली २०३०. ५ टक्के म्हणजे ४५ लाख टन. ११० कोटी लिटर म्हणजे पाऊण लाख कमी-जास्त १० लाख टनांच्या आत. देशातल्या प्रत्येक मोठ्या स्वयंपाकघरातला शेवटचा थेंब मिळाला, तरी उद्दिष्टाचा जेमतेम पाचवा हिस्सा भागतो. उरलेले चार हिस्से बियांतून यायचे आहेत, आणि त्यांची कथा वर आलीच आहे.

पुरवठा नाही आणि मागणी मात्र सरकारने निर्माण केलेली, अशा जागी भेसळ येते. गुजरात आणि महाराष्ट्रात औद्योगिक तेले बायोडिझेलच्या नावाखाली उघड्यावरच्या पंपांतून ट्रकमध्ये भरली जाऊ लागली, तेव्हा धाडी घालाव्या लागल्या. महाराष्ट्राला २०२१ मध्ये उत्पादन, साठा आणि विक्रीसाठी स्वतंत्र धोरण करावे लागले. प्रामाणिक उत्पादकाला त्याचा दुहेरी फटका बसला. ग्राहकाचा विश्वास गेला आणि परवान्यांची संख्या वाढली.

विमानाची गोष्टही यातलीच. २७ ऑगस्ट २०१८ रोजी डेहराडूनहून दिल्लीला आलेल्या स्पाइसजेटच्या विमानात जट्रोफाच्या तेलापासून केलेले इंधन मिसळलेले होते. ते डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने बनवले होते आणि बी छत्तीसगडच्या शेतकऱ्यांचे होते. विमानतळावर स्वागताला नितीन गडकरी आणि सुरेश प्रभू हेही हजर होते. शास्त्रज्ञांचे यश निर्विवाद होते. शताब्दीच्या प्रयोगातही ते होते. दोन्ही वेळा इंजिनाने तक्रार केली नाही.

सोसल्याच्या परिसरात करंजतेलावर पंप चालवण्याचे कारणही आता उरलेले नाही; कर्नाटकात १० अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २००८ पासून वीज मोफत आहे, आणि फुकटच्या विजेपुढे घाण्याचे तेल महागच. बी मात्र वाया जात नाही. उन्हाळ्यात शेंगा वाळून खाली पडल्या की दक्षिण कर्नाटकात त्या वेचल्या जातात, व्यापारी बी तोलून घेतो आणि ते तेलगिरणीकडे रवाना होते. तिथले तेल साबणाला, कातडी कमावायला आणि सेंद्रिय कीटकनाशकाला जाते. डिझेलपेक्षा तिथे भाव बरा मिळतो.